पाचवी, बारावा, सव्वा महिना

आमच्या घरातल्या भावंडांचे जन्मदाखले एका जागी ठेवले, तर त्यात मुंबई शोधावी लागेल. वाढलो आम्ही मुलुंडला आणि घाटकोपरच्या भटवाडीत. एक काका बोरिवलीला, एक आत्या अंधेरीला. शाळा इथल्या, लोकलचे पास इथले, शिव्यासुद्धा इथल्याच. जन्मगाव मात्र बहुतेकांचं संगमेश्वर तालुक्यातलं, आईच्या नाहीतर काकीच्या माहेरचं. काहींची नोंदही वेळेवर झाली नव्हती. शाळेत घालताना हेडमास्तरांनी तारीख विचारली आणि काकांनी १ जून सांगून टाकलं. आमच्यात तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि केक एकच लागतो, तो त्यामुळे.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम होता. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकलं की भाऊ न्यायला यायचा आणि रात्रीच्या एसटीने बहिणीला घेऊन निघायचा. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याआधी मुंबई-गोवा रस्ता, कशेडीचा घाट, आणि एसटी जिथे सोडेल तिथून पुढे पायवाट. आज हिशोब मांडला की चमत्कारिक वाटतं. घाटकोपरच्या खोलीतून राजावाडी हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर होतं. परळला वाडियांचं प्रसूतिगृह १९२६ पासून उभं होतं. ते सगळं मागे टाकून बायका अशा ठिकाणी जायच्या, जिथून डॉक्टर गाठायला डोलीच करावी लागे. पण दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं, बाहेर सामायिक नळ आणि त्यापलीकडे सामायिक संडास. तिथे बाळंतीण ठेवणार कुठे? विश्रांती, ऊन पाणी आणि आईचा हात या तीन गोष्टी गावीच मिळायच्या. त्यासाठी बाकीचा धोका कोणी मोजत नसे.

आजीच्या पिढीतल्या बायकांना मुलं किती असं विचारलं, तर उत्तर दोन आकड्यांत यायचं. "आठ झाली, पाच राहिली." आवाज न बदलता सांगायच्या. त्या तिघांची नावं आम्ही कधी ऐकली नाहीत, कारण त्यातल्या दोघांचं नाव ठेवायची वेळच आली नव्हती. बारसं बाराव्या दिवशी. तोवर बाळ म्हणजे नुसतं बाळ, फार तर ठकी नाहीतर बाब्या.

बाळंतिणीची खोली आम्हा सगळ्यांना आठवते, कारण धाकट्या भावंडांच्या वेळी आम्हाला तिथे जायला बंदी असायची आणि म्हणून आम्ही फटीतून बघायचो. माजघराच्या मागची, बिनखिडकीची, दार लोटलेली. बाजेखाली खापरात निखारे आणि त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा टाकलेली धुरी. धुराने डोळे चुरचुरायचे. बाळंतिणीच्या डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, पोटाला पट्टा. सकाळी सुईण यायची. ती पाटावर पाय पसरून बसायची, बाळाला नडग्यांवर उताणं घ्यायची आणि तेल जिरवायला लागायची. टाळूवर तेलाची धार, मग कढत पाण्याचे तांबे. बाळ आकांत करायचं आणि ती म्हणायची, रडू दे, छाती उघडते. नंतर कुंची घालून, घट्ट गुंडाळून बाळ आईच्या कुशीत. गुटीची सहाण वेगळी. तिच्यावर वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड यांचे ठरावीक वेढे. कोणता किती वेढे हे आजीच्या बोटांना पाठ होतं.

आईला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, लसूण, कुळथाचं कढण. घरात एरवी बाईच्या ताटात शेवटी काय उरेल ते पडायचं. वर्षातून एकदा, तेही मूल झालं तर, तिच्यासाठी वेगळं शिजायचं. सोयर असल्यामुळे दहा दिवस तिने चुलीला हात लावायचा नाही. विटाळाच्या नावाखाली का होईना, तिला हक्काची रजा मिळायची. आमच्या आया त्या दिवसांबद्दल अजूनही असं बोलतात, जणू सहलीला गेल्या होत्या.

पण त्याच खोलीत घोडचुका व्हायच्या, आणि त्या प्रेमाने व्हायच्या. पहिल्या दोन दिवसांचा पिवळसर चीक पिळून टाकायचा, कारण तो जड. बाळाला तोवर बोटाने मध नाहीतर गुळाचं पाणी. नाळ विळ्याने कापायची आणि वर राख नाहीतर हळद लावायची. जन्मताच न्हाऊ घालायचं, मग ते पावसाळ्यातलं, हाताच्या ओंजळीत मावणारं, वेळेआधी आलेलं मूल का असेना.

आणि पाचवी. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहिते. पाटा-वरवंटा मांडायचा, शेजारी विळा, कोरा कागद, लेखणी. घुगऱ्या वाटायच्या. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही आणि बाळ एकटं सोडायचं नाही. ओटीवर पुरुष पत्ते कुटत बसायचे, आत बायका आळीपाळीने बाळाला मांडीवर घ्यायच्या. आम्हा मुलांना वाटायचं, सणच आहे. खरं तर तो पहारा होता.

पहाऱ्याची वेळ चुकलेली नव्हती. जगभरातला अनुभव सांगतो की पहिल्या महिन्यात जी मुलं दगावतात, त्यातली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. नाळेतून शिरलेला धनुर्वात तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसतो, बहुधा आठवड्याच्या आसपास. दोन दिवस छान ओढणारं मूल अचानक दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं वाकतं. विळा आणि राख कोणाला आठवणार? नाव सटवाईचं व्हायचं. शेकडो वर्षं बाळं पुरणाऱ्या बायकांनी धोक्याची तिथी अचूक हेरली होती. धोका कुठून येतो, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या थोरल्या मावशीचं काय झालं ते आम्हाला मोठेपणी तुकड्यातुकड्यांनी कळलं. मूल नीट झालं, वार पडली, आणि रक्त थांबेना. सुईण म्हणाली, हे माझ्या हातचं नाही. पण घरात निर्णय घेणारे आजोबा वरच्या वाडीत गेले होते. ते येईपर्यंत थांबले. मग डोलीला माणसं गोळा केली. श्रावण होता, वहाळाला पाणी होतं. पलीकडे पोचल्यावर जीप मिळायला उजाडलं. तालुक्याला पोचले तेव्हा रक्त द्यायची सोय नव्हती, पुढे न्या म्हणाले. पुढे न्यायला मावशी राहिली नव्हती.

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायकांनी बाळंतपणातल्या मृत्यूंची मांडणी तीन उशिरांत केली: घरात ठरवायला उशीर, वाटेत पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. ते प्रथम वाचलं तेव्हा आमची मावसबहीण, जी स्वतः नर्स आहे, एवढंच म्हणाली, "हे आपल्या मावशीवर लिहिलंय." बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव दोनेक तासांत बाईला नेऊ शकतो. मावशीचे तिन्ही उशीर मिळून रात्र गेली होती.

बदल एका झटक्यात आला नाही. आधी आली नर्सबाई, उपकेंद्रातली, छत्री आणि काळी पर्स घेऊन वाड्या तुडवणारी. पोटुशी बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं देऊन जायची. आजीचा विरोध होता, पोटातल्या पोराला सुई कशाला? नर्सबाईने वाद घातला नाही, ती दर महिन्याला येत राहिली. मग सुईणींना सरकारी शिक्षण मिळालं. आमच्या सुईणआजीला एक पेटी मिळाली होती. तिच्यात साबण, नवं ब्लेड, दोरा. पाच स्वच्छता पाठ करून घेतल्या होत्या: हात, जागा, ब्लेड, दोरा, आणि नाळेवर काही न लावणं. शेवटची तिला पटायला वेळ लागला. इतकी वर्षं लावत आलेली राख सोडायची, म्हणजे आपल्या हातून आधी काय झालं असेल याचा विचार करणं आलं. तो तिने केला असावा. पुढे ती विळ्याला हात लावू देत नसे, आणि दुसऱ्या वाडीत कोणी राख लावलेली दिसली तर चारचौघांत झाडायची. इंजेक्शन आणि ब्लेड या दोन स्वस्त गोष्टींनी तो रोग मागे हटला. २०१५ साली भारतातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. ती बातमी पेपरात आत कुठेतरी होती. आमच्या घरात मात्र ती मोठ्याने वाचली गेली.

पुढे पुढे दुसरं, तिसरं बाळंतपण मुंबईतही होऊ लागलं, महापालिकेच्या प्रसूतिगृहात. डबा घेऊन आम्ही जायचो, भेटीची वेळ संपली की आया हाकलायची. बोरिवलीच्या काकीची तीन मुलं पाचव्या-सहाव्या महिन्यात गेली होती. गावाकडे गंडेदोरे झाले. शेवटी तिला टाका घालायचं ठरलं. गर्भाशयाचं तोंड अवेळी उघडतं, त्याला घालायचा हा टाका मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ साली जगापुढे मांडला. ते मूळ गोव्याचे. जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काकीला हे काही माहीत नव्हतं, ती चाळीत सांगायची, "मला टाका घातलाय, आता नळावर नंबर लावणार नाही." चाळीनेही तिच्या हंड्याला चार महिने पहिला नंबर दिला.

शहराच्याही आपल्या चुका होत्या. दुधाची बाटली आणि डब्याचं दूध हे तेव्हा सुधारलेपणाचं लक्षण. डब्यावरच्या गुटगुटीत बाळासारखं आपलं व्हावं म्हणून बायका अंगावरचं तोडायच्या. बाटली धुवायला उकळतं पाणी नाही, पावडर पुरवायची म्हणून पातळ केलेली, आणि मग हगवण. शीवच्या टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ही लढाई लढली. आईच्या दुधाला पर्याय नाही, हे धरून त्यांनी १९८९ साली तिथे मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. ज्या चिकाला आमच्या आज्या पिळून टाकायच्या, त्याचे थेंब तिथे अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी जपून ठेवले जाऊ लागले. इथे वाचलेलं मूल झोपडपट्टीतल्या घरी जाऊन पुन्हा आजारी पडतं, तेव्हा काम घरापर्यंत न्यायला हवं, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी 'स्नेहा' ही संस्था काढली.

घरापर्यंत जायला हवं, हे त्याच वर्षी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाहून ठणकावून सांगितलं गेलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून 'सर्च' चालवत होते. दवाखाना दूर, बाळ जन्मतं घरात आणि मरतं घरात, तर उपचारही घरातच का नको? त्यांनी ३९ गावांत गावच्याच, थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. सुईणीला बाजूला सारलं नाही. तिच्या शेजारी हिला बसवलं. बाळ रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, झोळीच्या काट्यावर वजन कसं करायचं, ऊब कशी राखायची, जंतुदोष कसा ओळखायचा आणि गरज पडली तर इंजेक्शन कसं द्यायचं, हे तिला शिकवलं. तिथे हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यात ६२ मुलं जायची. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ च्या आसपास आला. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० पासून गावच्या निरक्षर बायकांवर असाच भरवसा टाकत आले होते. गडचिरोलीने त्या भरवशाला आकड्यांचा पुरावा दिला.

आमची एक भाचेसून गावी आशा आहे, म्हणजे सरकारी योजनेतली गावची आरोग्य कार्यकर्ती. २००५ साली ही योजना आली आणि २०११ पासून घरी जाऊन बाळ बघण्याचं काम आशांकडे आलं. मागच्या मे महिन्यात आम्ही सगळे गावी असताना तिने शेजारच्या घरी नेलं. बाळ सात दिवसांचं. तिने आधी हात धुतले, कोपरापर्यंत. काट्याला झोळी अडकवली, बाळ ठेवलं, आकडा वहीत उतरवला. काखेत थर्मामीटर. मग बाळाचं झबलं वर केलं, घड्याळ समोर धरलं आणि पोटाचं वरखाली होणं एक मिनिटभर मोजलं. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर गडबड आहे, असं म्हणाली. बाळंतिणीच्या नव्वदीच्या आजेसासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"अंघोळ कधी घालायची गं?"

"आजी, पोर दोन किलो शंभर आहे. वजन भरू दे. तोवर आईच्या छातीशी, कातडीला कातडी."

"आणि धुरी?"

"तुम्हीच सांगा, त्या धुरात तुम्ही बसाल?"

आजी हसल्या. मग विचारलं, "आता परत कधी यायची तू?"

तिने बोटं मोजली. तिसरा झाला, आज सातवा. आता चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि शेवटचा बेचाळिसावा. दवाखान्यात झालेल्या बाळासाठी या सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची सातवी. आजेसासूबाईंनी लगेच हिशोब घातला: "म्हणजे पाचवीच्या अलीकडे-पलीकडे, बाराव्याला धरून, आणि सव्वा महिन्यानंतर सुटका. आमचंच की!" वहीतलं आणि परंपरेतलं वेळापत्रक इतकं जवळ येतं हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जागायचं केव्हा, ते जुन्यांना ठाऊक होतं. जागं राहून बघायचं काय, ते या मुलीला ठाऊक आहे.

मावशीच्या तीन उशिरांवरही इलाज निघाले. गाडी फोनवर येते, सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण आणि जाणं-येणं २०११ पासून मोफत आहे. आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' आहे. दिवस भरत आले की बाईने आधीच येऊन राहायचं. सरकारी योजनेला इतकं नेमकं नाव क्वचित सुचतं. १९९० च्या सुरुवातीला राज्यातली निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, २०१९-२१ च्या पाहणीत ती जवळपास ९५ टक्के झाली. लाख जन्मांमागे माता मरायच्या त्यांचा आकडा २०१८-२० मध्ये ३३ वर आला. केरळ वगळता एवढा कमी दुसऱ्या कुठल्या राज्यात नव्हता.

ही सरासरी आहे, आणि सरासरी मेळघाटातल्या बाईला लागू होतेच असं नाही. लांब कशाला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरे कॉलनीत वारली पाडे आहेत. आमच्या बाल्कनीतून ते डोंगर दिसतात.

आणि आमच्या स्वतःच्या घरात? गेल्या वर्षी मुलुंडला पुतणीचं बाळंतपण झालं. हॉस्पिटल चकचकीत, खोलीला एसी, फुगे, फोटो. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्यानंतर पुढच्या तपासणीपर्यंत घरी येऊन बाळाकडे बघणारं शिकलेलं माणूस कोणी नव्हतं. मालिशवाली होती, ती बाळाच्या नाकात तेल सोडायला निघाली होती. फोनवर शंभर सल्ले होते. आमच्या पिढीच्या हाती गुटीचे वेढे राहिले नाहीत आणि मिनिटाला श्वास किती असावेत हेही आम्हाला कोणी शिकवलं नाही. शेवटी पुतणीनेच गावी व्हिडिओ कॉल लावला आणि आमच्या भाचेसुनेने तिकडून सांगितलं तसं आम्ही मोजलं. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला, तर थांबायचं नाही, कोणाला विचारत बसायचं नाही, निघायचं. तिने हे पाठ म्हणून घेतलं, आमच्याकडून, एकेकीकडून. पाचवीही झाली. घुगऱ्या मायक्रोवेव्हमध्ये गरम झाल्या.

भाचेसून २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईत आली होती, बाळ बघायला नव्हे, आझाद मैदानात बसायला. राज्यभरच्या आशा मानधनासाठी आल्या होत्या. मुक्कामाला घाटकोपरला आमच्याकडे. तिने सांगितलं, बाळाच्या त्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की अडीचशे रुपये. हे काम आशांकडे आलं तेव्हाही तेवढेच ठरले होते. सुईणआजीला आमच्या आजीने दर बाळंतपणाला लुगडं, नारळ आणि पायलीभर तांदूळ दिले, मूल राहो न राहो. साल वाईट असलं तर स्वतःच्या घरचे कमी करून दिले. जिच्या हाती आपलं पोर द्यायचं, तिच्याशी घासाघीस करू नये, असं ती म्हणायची. मंत्रालयात अशी एखादी आजी बसवायला हवी.